खडकावरची बटणं

अकराच्या सुमारास त्याच्या तोंडात एकाएकी लोखंडाची चव आली. जिभेखाली गंजका खिळा धरावा तशी. तो तेव्हा एका नऊमजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या यंत्रखोलीत उकिडवा बसून बॅटरीच्या उजेडात ब्रेकच्या पट्ट्या पाहत होता. लिफ्ट तपासायची आणि ती माणसांनी वापरण्याजोगी आहे की नाही ते लिहून द्यायचं, हे त्याचं सव्वीस वर्षांचं काम. ग्रीसचा हात तोंडाला लागला असेल म्हणून त्याने बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली. पाण्यालाही तीच चव. दुसरी चूळ भरताना त्याच्या लक्षात आलं की खोलीत यंत्राची ऊब असूनही पाठीवरून थंडी सरसरत खाली उतरतेय. ताप येत असेल, तो स्वतःला म्हणाला. हवाच तशी आहे, ऑफिसात निम्मे लोक शिंकताहेत. पण हे म्हणता म्हणताच त्याला मासेवाल्याचा आवाज आठवला. सहा महिन्यांपूर्वी, शोभेच्या माशांच्या त्या दुकानात, खडकाचा एक तुकडा पाण्याबाहेर धरून तो म्हणाला होता, "साहेब, ही तपकिरी बटणं दिसतात ना, ही फुलं नाहीत बरं. हे जिवंत प्राणी आहेत, आणि विषारी आहेत. हातमोजे घालत जा. आणि काही झालं तरी यांच्यावर उकळतं पाणी ओतू नका. वाफ छातीत गेली की खेळ खलास. एका गिऱ्हाइकाचं अख्खं घर दवाखान्यात जाऊन पडलं होतं." तेव्हा तो हसला होता. शेजारच्या टाकीतली एक कोळंबी आपल्या पायांनी डोळे पुसत होती, तिकडे त्याचं अर्धं लक्ष होतं. पण अर्ध्याच लक्षाने ऐकलेलं वाक्य आता शब्दन् शब्द, मासेवाल्याच्या घशातल्या खाकरण्यासकट त्याच्यापुढे उभं राहिलं. आज सकाळी सात वाजता, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये, त्याने तसल्याच खडकावर पातेलंभर उकळतं पाणी ओतलं होतं.

फोन वाजला तेव्हा तो ताईचाच असणार हे त्याला न पाहता कळलं. "ठोंब्या, मला थंडी वाजतेय रे," ती म्हणाली. लहानपणी तो कुणाशीही न बोलता दारात उभा राहायचा, तेव्हापासून ती त्याला ठोंब्या म्हणायची. आता तो बावन्नचा झाला तरी नाव सुटलं नव्हतं. "दोन ब्लँकेटं घेतली तरी दात वाजताहेत. आणि तोंड असं कडू झालंय, जसं काही मी चमचाच चावलाय." तो म्हणाला, "खिडक्या उघड." "काय?" "स्वयंपाकघराची खिडकी उघड, ताई. सगळ्या उघड." "अरे, थंडी वाजतेय म्हणतेय मी, आणि खिडक्या काय उघड? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" ती हसली आणि हसता हसता खोकली. तो खोकला ओला नव्हता, कोरडा होता, आतून काहीतरी खरवडल्यासारखा. खिडक्या का उघडायच्या ते त्याने सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "मी येतो." जिने उतरून खाली आला. नऊ मजले. लिफ्ट बंद त्यानेच करून ठेवली होती. प्रत्येक मजल्यावर तो स्वतःचा श्वास तपासत होता, खोल घेऊन, थांबून, दोर ताणून पाहावा तसा. छातीत थोडं टोचत होतं. थोडंच. आपल्याला थोडं आणि ताईला जास्त, हे का, याचं उत्तर त्याला माहीत होतं, आणि ते उत्तर घेऊन तो रिक्षात बसला.

ताई दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडे राहायला आली. मेहुणे गेले, मुलगी दूर परदेशात, आणि हा इथे एकटा, लग्न न केलेला, दोन खोल्यांत. "दोघं मिळून एकटे राहू," ती म्हणाली होती आणि सामान लावायला लागली होती. टेलिफोन खात्यात तिचा सारा जन्म लोकांचे आवाज जोडून देण्यात गेला. गप्प बसणं तिला जमत नसे. त्याला बोलणं जमत नसे. त्याचं म्हणावं असं घरात एकच होतं, बाहेरच्या खोलीतली चार फुटी, खाऱ्या पाण्याची टाकी. प्रवाळ, दोन नारिंगी मासे, एक पिवळा, गोगलगाई आणि मासेवाल्याकडून आणलेले खडक. तो संध्याकाळी येऊन टाकीसमोर बसे. तिथे कुणी त्याला काही विचारत नसे. ताई म्हणे, "मजा आहे बाबा यांची. यांना चोवीस तास वीज, आणि मला गीझर मोजून दहा मिनिटं." ती आल्यावर चार-पाच महिन्यांनी काचेवर हिरवा थर धरायला लागला. मग खडकांवर केसांसारखं शेवाळ आलं. तो दर रविवारी सकाळी काचेच्या बारीक नळीत टाकीतलं पाणी घेई, त्यात औषधाचे थेंब टाकी, आणि पाण्याला चढलेला रंग कागदावरच्या रंगांशी लावून पाही. फिकट पिवळा यायला हवा. नारिंगी यायला लागला, मग लाल. पाण्यात नायट्रेट साठत होतं, म्हणजे माशांच्या गरजेपेक्षा जास्त खाणं पडत होतं आणि तळाशी कुजत होतं. त्या कुजण्यावर शेवाळ पोसत होतं. त्याने दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदललं, बादल्यांत मीठ कालवलं, दिवे सहाच तास ठेवले, गोगलगाई वाढवल्या, फेस काढणाऱ्या यंत्राची घाणेरडी वाटी रोज धुतली. रंग लालच. "टाकीला दाढी आलीय," ताई म्हणाली, "तुझ्यासारखीच. काप म्हणून कुणी सांगत नाही."

एका दुपारी तो लवकर घरी आला. किल्लीने दार उघडलं तर ताई टाकीसमोर स्टुलावर बसलेली. हातात खाण्याचा डबा. चिमटीचिमटीने दाणे सोडत ती माशांना म्हणत होती, "घ्या, घ्या. तो आला की उपाशीच ठेवतो तुम्हाला." मासे काचेला तोंडं लावून तिच्याकडे बघत होते, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की त्याला तो चेहरा पाहायचा आपल्याला हक्क नाही असं वाटलं. तो आवाज न करता मागे सरला. दार ओढून घेतलं, खाली जाऊन पंधरा मिनिटं रस्त्यावर उभा राहिला, आणि मग वर येऊन बेल वाजवली. डबा जागेवर गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याने डब्यावर चिठ्ठी चिकटवली, दिवसातून एकदाच. ताईने ती वाचली आणि म्हणाली, "एकदाच घालते की मी. दुपारी. तू सकाळी घालतोस ते तुझं एकदा." त्याने मान हलवली. खरं तर तिथेच बोलायला हवं होतं, साधं एक वाक्य. पण ते एक वाक्य सुरू केलं तर त्यामागून दुसरीही निघतील, रेडिओबद्दल, त्याची कपाटं पुन्हा लावण्याबद्दल, दारातून आत यायच्या आधीच येणाऱ्या प्रश्नांबद्दल, आणि शेवटी आपण कुठलं वाक्य बोलून बसू याची त्याला भीती वाटे. माणसाला नाही सांगता आलं की तो पाणी दुरुस्त करत बसे. आठ महिने त्याने पाणी दुरुस्त केलं.

दवाखान्यात केस वर बांधून त्यात पेन खोचलेली एक तरुण डॉक्टर होती. ताईला खाटेवर बसवलं होतं, झोपवलं की तिला श्वास पुरत नव्हता. बोटाला लावलेल्या चिमट्याचा आकडा पाहून डॉक्टरने नाकावर ऑक्सिजनचा मास्क बांधला आणि विचारलं, "घरात काही नवीन? औषध फवारणी, रंग, साफसफाईचं रसायन?" तो म्हणाला, "इमारतीला बाहेरून रंग चाललाय. म्हणून खिडक्या बंद होत्या." यातला शब्दन् शब्द खरा होता. डॉक्टरने लिहून घेतलं, रंगाचा वास. ताईने मास्क खाली ओढला. "रंग नाही हो. त्या दगडाचा वास येत होता, सकाळी यानं..." आणि तिला खोकल्याची उबळ आली. तो पुढे झाला, मास्क परत तिच्या तोंडावर ठेवला आणि म्हणाला, "ताई, बोलू नकोस. दम लागेल." आपला हात तिच्या तोंडावर आहे हे त्याला दिसत होतं. मास्कच्या प्लॅस्टिकवर तिचा श्वास धुक्यासारखा जमत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि बोलली नाही.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर त्याला तो नऊ वर्षांचा असतानाची सरकारी इमारत आठवली. ती दोघं कसला तरी दाखला आणायला गेली होती आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. दिवा गेला. ताई पंधराची. ती लगेच खाली बसली, त्याला मांडीत घेतलं आणि म्हणाली, आता मी विनोद सांगते, तू मोज. एकेक विनोद असा भिकार होता की तो हसून हसून रडला. सत्तावीस झाले तेव्हा दार उघडलं. बाहेर उजेडात त्याने पाहिलं, तिचा झगा मागून पूर्ण ओला होता. तिने दप्तर मागे धरलं आणि भिंतीच्या कडेकडेने चालत घरी आली. याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. भीती लपवण्यात ताई पहिल्यापासून पटाईत, आणि तिच्या सावलीत वाढल्यामुळे तोही. पण तिने लपवलेली भीती दुसऱ्यासाठी होती. आपली कशासाठी आहे? दोन खोल्या, नोकरी, चांगला माणूस असं नाव? आत ताई खोकत होती आणि खोकल्यानंतर प्रत्येक वेळी काहीतरी बोलत होती, नर्स हसत होती. ती विनोद सांगतेय हे कळल्यावर तो नकळत मोजायला लागला.

त्याने फोन काढला. त्याला सकाळची एक गोष्ट नक्की करायची होती, आणि नक्की होऊ नये असंही वाटत होतं. सात वाजता त्याने सगळ्यात जास्त शेवाळलेला खडक उचलून सिंकमध्ये ठेवला. ब्रशने घासून शेवाळ निघेना. फटीफटीत तपकिरी बटणं मिटून बसली होती. त्याने गॅसवर पाणी ठेवलं. ताई चहासाठी शेजारी उभी होती. "चहाचं आहे का?" "नाही." पाणी ओतलं तशी भपकन वाफ आली, कुजलेल्या समुद्राच्या वासाची. त्याच क्षणी ऑफिसचा फोन आला. तो स्वयंपाकघराच्या बाल्कनीत गेला आणि काचेचं दार मागे ओढून घेतलं. आता फोनच्या पडद्यावर लिहिलं होतं, सात वाजून नऊ मिनिटं, बोलणं एक मिनिट पन्नास सेकंद. पण तो बाल्कनीत असताना कोपऱ्यावर शाळेची बस आली होती, मुलं चढली होती, बस गेली होती. ती बस सात वीसला येते. म्हणजे फोन संपल्यावर नऊ-दहा मिनिटं तो तिथेच होता. काचेतून त्याला ताई दिसत होती. सिंकवर वाकून, तोंड वाफेत घालून, ती त्याची घाण घासत होती. एकदा खोकली, पदराने नाक पुसलं, परत घासायला लागली. ती त्या बाजूला आणि आपण या बाजूला, मध्ये काच, आणि तिचा आवाज येत नाहीये. त्याला बरं वाटलं होतं. फार दिवसांनी बरं वाटलं होतं. हे त्याला स्वच्छ आठवत होतं. जे आठवत नव्हतं ते इतकंच, की त्या दहा मिनिटांत मासेवाल्याचं वाक्य त्याच्या डोक्यात कुठे होतं. अकरा वाजता ते अख्खंच्या अख्खं आलं, मग सात वाजता ते कुठे गेलं होतं? विसरलो म्हणावं तर विसरलेली गोष्ट इतकी जशीच्या तशी मिळते का? त्याने सव्वीस वर्षांत शेकडो अपघातांचे जबाब वाचले होते. चौकीदार सांगत, साहेब, आवाज येत होता, पण वाटलं नाही. त्या 'वाटलं नाही'पुढे तो लाल रेघ मारत असे.

चार वाजता ताईचा विनोद सांगण्याचा आवाज बंद झाला. तो उठला तर मांड्यांत गोळे आले होते. डॉक्टर पडद्यातून बाहेर येत होती. तो म्हणाला, "रंग नाही. मी टाकीतल्या खडकावर उकळतं पाणी ओतलं. त्याच्यावर विषारी प्राणी होते. वाफ गेली तिच्या छातीत. माझ्याही गेली, थोडी." "कधी?" "सकाळी सातला." "तुम्हाला तेव्हा माहीत होतं विषारी आहे?" "सांगितलं होतं मला. मासेवाल्यानं." "आणि हे तुम्ही आत्ता सांगताय? मी दुपारी बारापासून त्यांना रंगाचं समजून बसलेय." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर सोपं झालं असतं. "कसलं विष? नाव काय?" "मला नाही माहीत. त्याला माहीत असेल." "लावा फोन." तो लावायला गेला तर बोटं पडद्यावरून घसरत होती. तिनेच फोन घेतला. मासेवाला पलीकडून मोठ्याने बोलत होता, मधेमधे स्पेलिंग सांगत होता, ती तळहातावर पेनने लिहीत होती. फोन ठेवून ती धावतच आत गेली. पाच मिनिटांत ताईची खाट चाकांवर अतिदक्षता विभागाकडे निघाली. जाताना डॉक्टर म्हणाली, "उतारा नाही यावर. हृदय आणि किडनी सांभाळायची, श्वास चालू ठेवायचा, आणि वाट बघायची. तुम्हीही झोपा त्या खाटेवर. तुमचंही रक्त घेणार आहोत." त्याला वाटलं, आपण ठणठणीत निघालो तर काय करायचं.

तो अगदी ठणठणीत निघाला नाही, पण दोन दिवसांत उठून बसला. ताईला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत मासेवाला एकदा त्याच्या खाटेपाशी आला, गळ्यात जाड मास्क लटकवून. घराची किल्ली त्याने आधीच मागवून घेतली होती, खडक पिशवीत पिशवी घालून बंद केला होता, सिंक ओल्या फडक्यांनी पुसला होता, खिडक्या उघड्या टाकल्या होत्या. "टाकीही घेऊन जा," तो मासेवाल्याला म्हणाला. मासेवाला गोंधळला. "टाकीचं काय चुकलंय साहेब? खाणं कमी करा. पाणी आपोआप सुधारतं. दोन महिने लागतील, पण सुधारतं. शेवाळ मारून कधी मरत नाही, त्याचं खाणं तोडावं लागतं. तुमच्याकडे घालतं कोण खायला?" "बहीण." "मग तिला सांगायचं ना. एवढं सोपं." तो खिडकीबाहेर पाहत राहिला. मासेवाला किल्ली उशाशी ठेवून निघून गेला.

सहाव्या दिवशी ताईला साध्या वॉर्डात आणलं. नाकाखाली नळी होती, गाल आत गेले होते. तो खुर्ची ओढून बसला. घरून तो एक वाक्य ठरवून आला होता, ते विसरायच्या आत त्याने बोलून टाकलं. "ताई, मला माहीत होतं. उकळायचं नाही असं मला सांगितलं होतं." "सांगितलं ना डॉक्टरांनी मला," ती म्हणाली. आवाज घोगरा, वाळूवरून ओढल्यासारखा. "विसरलास. होतं." "फोन दोन मिनिटांत संपला होता. मी दहा मिनिटं बाल्कनीत होतो." "काय करत होतास?" "तुझ्याकडे बघत होतो." शेजारच्या खाटेवरची बाई घरच्यांवर करवादत होती, उशी कडक आहे म्हणून. ताईने तिचं बोलणं संपायची वाट पाहिली. मग तिने छताकडे बघत विचारलं, "मी नकोशी झालेय का रे तुला?"

जन्मभर अशा प्रश्नाला त्याने खांदे उडवले होते. आताही खांदे हलले. मग त्याने ते खाली सोडले. "कधी कधी," तो म्हणाला. आणि हे शब्द बाहेर पडताच त्याला वाटलं, आता ती नर्सला हाक मारेल, याला बाहेर काढा म्हणेल.

"हं," ताई म्हणाली. मग म्हणाली, "मलाही तुझ्याकडे कंटाळा येतो. दिवसभर ते पाणी बुडबुडतं आणि तू आलास की तूही तसाच. त्यांना खायला घातलं की निदान ते काचेपाशी तरी यायचे." तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "तू त्या दिवशी दारातून परत गेलास ना, तेव्हा पाहिलं होतं मी. काचेत दिसलास. म्हटलं, आता बोलेल. पंधरा मिनिटांनी बेल वाजवलीस."

त्याने खुर्ची आणखी जवळ ओढली.

"नकोशी झाले तर तोंडानं सांगायचं, ठोंब्या," ती म्हणाली. "पाणी नाही उकळायचं." आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती हसायला गेली. हसू घशात अडकलं आणि त्याचा खोकला झाला, कोरडा, खरवडणारा, एकावर एक. तो उठला, तिला पुढे वाकवून धरलं, पाठीवर हात ठेवला. हाताखाली बरगड्या उडत होत्या. नर्सला बोलवावं का, घंटा कुठे आहे, नळी निसटली का, हे सगळं त्याच्या डोक्यात एकदम चाललं होतं. मग खोकला थांबला. पुढचा श्वास यायला वेळ लागला. तो आला, शिट्टी वाजवत आत गेला, आणि ताई हळूहळू उशीवर मागे टेकली. त्याने बाजूच्या टेबलावरून पाण्याचा पेला उचलून तिच्यापुढे धरला. तिने डोळे उघडले. आधी पेल्याकडे पाहिलं, मग तो धरलेल्या हाताकडे, मग त्याच्या तोंडाकडे. त्याने पेला स्वतःच्या ओठांना लावला, एक घोट घेतला, आणि पुन्हा तिच्यापुढे धरला.

मग ती प्यायली.